जवळचे नाशिक
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या नाशिकच्या सहलीचा वृत्तान्त सांगण्याचे काम आज मजकडे आले आहे. सहलीला आपल्यातल्या बावीसजणी आल्या होत्या. ज्यांना घरची आजारपणे, मुलांच्या परीक्षा किंवा द्राक्षांच्या छाटणीमुळे येता आले नाही, त्यांनी चिटणीसबाईंकडे लकडा लावला की आम्हांला बसल्या जागी सारे सांगा. तेव्हा न आलेल्यांसाठी सांगते. आलेल्यांनी चुकेल तेथे टोकावे.

सहलीचा विचार कसा निघाला तेही सांगायला हवे. आपले ओझर म्हणजे दोन गावे. एक बाणगंगेकाठचे जुने, खंडेरावाच्या यात्रेचे. आणि दुसरे 1964 पासून विमानांच्या कारखान्याभोवती वसलेले. या दुसऱ्या ओझरात देशभरातून बदलून आलेल्या बायका आपल्या मंडळात येतात, ही मोठी आनंदाची गोष्ट. ओडिशातल्या कोरापुटहून आलेल्या एका भगिनीने मासिक सभेत सहज विचारले, "पंचवटीत पाहण्यासारखे काय काय आहे?" चोहोंकडून उत्तरे आली : रामकुंड, काळाराम, सीतागुंफा आणि भाजीबाजार! तिने पुढे विचारले, "काळाराम कोणी बांधला?" तेव्हा मात्र सभा एकदम शांत झाली.

ओझरापासून नाशिक जेमतेम वीस किलोमीटर. दहावा मैल गेला, आडगाव गेले, की आडगाव नाका आणि निमाणीचा स्टँड. म्हणजे आपण नाशकात शिरतो तेच मुळी पंचवटीतून. लोक हजार-हजार मैलांवरून ज्या भूमीवर पाय ठेवायला येतात, तेथे आपण पिशवी सांभाळत रिक्षा शोधत असतो. आपले नाशकाला जाणे म्हणजे दवाखाना, कोर्टकचेरी, लग्नाचा बस्ता. आणि रामकुंडाचे म्हणाल, तर आपल्यापैकी बहुतेकींनी तो पाहिला आहे डोळ्यांत पाणी असताना, कुणाच्या तरी अस्थी घेऊन गेलो तेव्हा. त्या वेळी कोणाला इकडेतिकडे पाहण्याचे भान असते? म्हणून ठरवले, एकदा काही काम न काढता नाशिक पाहायला जायचे. आणि पाहताना एक गोष्ट मुद्दाम शोधायची, की या तीर्थाच्या दगडधोंड्यांत आपल्या बायकांचे काही आहे की नाही.

सकाळी सातला निघालो. पहिले दर्शन काळारामाचे. हे देऊळ पेशव्यांचे सरदार रंगराव ओढेकर यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधले. ओढेकर म्हणजे निफाडकडे जाताना लागते त्या ओढ्याचे; अर्थात आपले शेजारीच म्हणायचे. आधी तेथे लाकडी देऊळ होते. बांधकामाला बारा वर्षे आणि तेवीस लाख रुपये लागले असे सांगतात. दगड काळाभोर, घडाई सफाईची, भोवती ऐसपैस पटांगण आणि ओवऱ्या. राम, लक्ष्मण, सीता तिघेही काळ्या पाषाणाचे. मूर्ती लहानशाच आहेत. पण गाभाऱ्यातल्या समयांच्या उजेडात त्यांचे डोळे असे काही दिसतात की पाय निघत नाही.

आम्ही पूर्वदरवाज्याशी जोडे काढत होतो. आमच्यातली एक भगिनी मात्र बाहेरच थांबली. पायऱ्यांकडे बघत राहिली. मला वाटले गुडघे दुखत असतील. जवळ गेले तर म्हणाली, "माझी आजी इथपर्यंत आली होती. आत नाही गेली."

तिचे माहेर दिंडोरी तालुक्यातले. 1930 सालची ती गोष्ट. शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत वाचलेली. पण त्या दाराशी उभे राहून तिच्या तोंडून ऐकताना निराळीच वाटली. अस्पृश्य म्हणून देवळात मज्जाव असलेल्या लोकांनी काळारामाच्या प्रवेशासाठी सत्याग्रह मांडला, तो 2 मार्च 1930 रोजी. नेतृत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आणि नाशकात सारी उभारणी दादासाहेब गायकवाडांची. हे दादासाहेब दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे. पुढे 1957 साली नाशिकचे खासदार झाले. गावोगावचे हजारो लोक फडक्यात भाकरी बांधून पायी आले होते. मोठी मिरवणूक निघाली, देवळाचे दरवाजे बंद झाले. दुसऱ्या दिवशी चारी दरवाज्यांवर सत्याग्रहींची पहिली तुकडी बसली, तीत पुरुष होते 125 आणि बायका होत्या 25. हा पंचवीसचा आकडा लक्षात ठेवा, बरे का. त्याच महिन्यात, 12 मार्चला, गांधीजींची दांडीयात्रा निघाली. तिला निघालेल्या पहिल्या तुकडीत बाई एकही नव्हती. आणि इकडे पंचवटीत पंचवीसजणी पोलिसांच्या पहाऱ्यासमोर उन्हात बसल्या होत्या.

पुढे 9 एप्रिलला रथाच्या दिवशी रथ ओढण्यावरून मोठी झटापट झाली, दगडफेक झाली, डोकी फुटली. सत्याग्रह वर्षानुवर्षे चालला. दार उघडले नाही. मग 1935 च्या ऑक्टोबरात आपल्याच जिल्ह्यातल्या येवल्याला बाबासाहेबांनी धर्म सोडण्याची घोषणा केली. मंदिरप्रवेशाचा कायदा मुंबई प्रांतात झाला तो 1947 साली. म्हणजे दाराशी बसलेल्या त्या पंचवीसजणींतल्या कोणी तरण्या असतील, त्यांची तोवर मुले मोठी झाली असतील.

तिची आजी त्या पंचवीसांत होती का, हे तिला ठाऊक नाही. घरात एवढेच सांगत की आजी तीन दिवस घरी नव्हती, आणि आली तेव्हा पायांना फोड होते. आम्ही म्हटले, "चल, आत चल." ती म्हणाली, "तुम्ही जाऊन या. मला देवाशी भांडण नाही, पण मला इथेच बसावेसे वाटते." आमच्यातल्या तिघी तिच्यापाशी पायरीवर बसल्या आणि बाकीच्या आत जाऊन आल्या. दर्शनाहून आलेल्यांनी आणलेला प्रसाद तिने घेतला आणि कपाळाला लावला. यावर मी काही भाष्य करीत नाही. मात्र एवढे सांगते, की मी काळारामाला पन्नासदा गेले असेन, पण पूर्वेच्या त्या पायऱ्या आता मला निराळ्या दिसतात.

सीतागुंफा जवळच आहे. दार इतके ठेंगणे आणि पायऱ्या इतक्या अरुंद, की ज्यांना दमा आहे किंवा ज्यांचे शरीर जरा भरलेले आहे त्यांनी बाहेरूनच नमस्कार करावा. जवळचे वड पाहिले, कपालेश्वराचे दर्शन घेतले. या शंकरासमोर नंदी नाही. आपल्याला पापमुक्तीची वाट नंदीने दाखवली म्हणून देवाने त्याला गुरू मानले आणि गुरूला समोर कसे बसवायचे, अशी कथा आहे. कोरापुटच्या भगिनीला ही कथा फार आवडली.

नाशिक हे नाव शूर्पणखेच्या नाकावरून आले असे आपण मुलांना हसतहसत सांगतो. कोणी नवशिखरांवरून आले असेही म्हणतात. दोन्हींत खरे कोणते ते असो. पण बाईचे नाक कापले म्हणून गावाला नाव पडले, ही गोष्ट इतक्या मजेने सांगण्याजोगी आहे का, असा प्रश्न आमच्यातल्या एका कॉलेजकन्येने गाडीत विचारला. तिच्या आईने तिला गप्प केले. मला वाटते गप्प करायला नको होते.

कपालेश्वराच्या पायऱ्या उतरले की रामकुंड. या कुंडाचे बांधकाम 1696 साली चित्रराव खटावकरांनी केले आणि पुढे त्याची दुरुस्ती गोपिकाबाईंनी केली, अशी नोंद नाशिक जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटिअरात आहे. या गोपिकाबाई म्हणजे नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी. त्यांचा इतिहास आपण ऐकलेला असतो तो पुण्याचा. पण त्यांचे उत्तरायुष्य गेले आपल्या नाशकात, गंगापूरला. 1761 साली पानिपतावर थोरला विश्वासराव गेला आणि त्याच वर्षी पतीही गेले. दुसरा माधवराव 1772 साली थेऊरला क्षयाने गेला. तिसरा नारायणराव पुढच्याच वर्षी शनिवारवाड्यात मारला गेला. पेशव्यांच्या घरची ही बाई, तिच्यापाशी उरले काय? तर गोदावरीचा काठ. तिचे राजकारण, तिचा करडा स्वभाव, याविषयी इतिहासकार बरेवाईट लिहितात. ते त्यांचे त्यांनी पाहावे. आपण ज्या पायऱ्यांवर उभ्या राहून कोणाच्या तरी नावाने पाणी सोडतो, त्या पायऱ्यांची डागडुजी अशा बाईने केली, हे आपल्याला ठाऊक असावे. आणखी एक मौज सांगते. गंगापूरला जाताना वाटेवर आनंदवली लागते. ते नाव आनंदीबाईंवरून पडले असे सांगतात. जिचा मुलगा मारला गेला ती, आणि ज्या खुनाचे खापर जिच्या डोक्यावर फुटले ती, या दोघी जावांच्या आठवणी एकाच नदीच्या एकाच वाटेवर आहेत.

येथे मला जरा आडवळणाने एक बोलायचे आहे. रागावू नका. निघताना गाडीत एका उत्साही भगिनीने सर्वांना हळदकुंकू लावले, गजरे दिले. पाचजणींसमोर तिचा हात थबकला, आणि त्या पाचजणींनी लगेच खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली. लावणारीचा हेतू वाईट नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. आपल्या साऱ्यांच्याच हाताला ही सवय आहे. पण दोन तासांनी आम्ही काळारामाच्या दाराशी उभ्या होतो आणि त्या आजीची गोष्ट ऐकत होतो, तेव्हा मला ते गजरे आठवले. रामकुंडावर गोपिकाबाईंचे सांगताना पुन्हा आठवले. 2022 साली कोल्हापूर जिल्ह्यात हेरवाडच्या ग्रामसभेने विधवांच्या बाबतीतल्या जुन्या चाली बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींना त्याचा कित्ता गिरवायला सांगितले. गावच्या गाव असा ठराव करू शकते, तर आमचे मंडळ संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मागच्या रांगेची खुर्ची काढून टाकू शकत नाही काय? हा प्रश्न मी कार्यकारिणीपुढे लेखी ठेवला आहे. काही वडील भगिनींना तो रुचलेला नाही, हेही मला ठाऊक आहे. त्यांनी सभेत उघड बोलावे. मीही बोलेन.

रामकुंडावरच्या उपाध्यायांच्या वह्या आपण ऐकून आहोत. आमच्यापैकी एकीच्या सासरची वही निघाली. मागली पाने मोडीत, पुढली बाळबोधीत. सहा पिढ्यांची नावे, कोण केव्हा आले, कशासाठी आले, खाली सही. सारे पुरुष. एका ठिकाणी फक्त 'मातोश्रीसह' एवढे होते. मातोश्रींचे नाव नाही. हिला दोन मुलीच. तिने भीतभीत विचारले, "लेकींची नावे लिहिलेली चालतील का?" गुरुजी म्हणाले, "लिहा की. लिहिली नाहीत ती कोणी लिहू नका म्हटले म्हणून नव्हे, कोणी लिहिलीच नाहीत म्हणून." तिने स्वतःचे नाव लिहिले, दोन्ही मुलींची लिहिली, आणि मग थोडे थांबून सासूबाईंचे माहेरचे नावही लिहिले. पुढल्या वेळी जाल तेव्हा आपापली वही अवश्य काढायला सांगा. आपले मूळ गाव आणि आडनाव सांगितले की कोणत्या उपाध्यायांकडे जायचे ते तेथे कोणीही दाखवतो.

आता नदीविषयी. गोदामाई म्हणून हात जोडायचे आणि दुसऱ्या हाताने प्लास्टिकची पिशवी सोडायची, हे दृश्य आम्ही अर्ध्या तासात किती वेळा पाहिले ते मोजले नाही. रामकुंडात जे पाणी असते ते गंगापूर धरणातून सुटेल तेवढे. 2016 च्या उन्हाळ्यात रामकुंड कोरडे पडले होते आणि टँकरने पाणी आणून ओतावे लागले होते. आणि त्याच वर्षी ऑगस्टात असा पूर आला की दुतोंड्या मारुती बुडाला. एकाच वर्षात दोन्ही! पुराचे माप नाशिककर फुटांत सांगत नाहीत. मारुतीच्या कमरेला लागले, छातीला लागले, डोक्यावरून गेले, असे सांगतात. जवळच नारोशंकराचे देऊळ आहे, 1747 सालचे. त्याच्या वेशीवरची प्रचंड घंटा वसईच्या मोहिमेनंतर आणलेली पोर्तुगिजांची आहे असे सांगतात. पाणी त्या घंटेला लागले की महापूर समजायचा.

येथून आम्ही पुलावरून सुंदरनारायणाकडे गेलो. देऊळ 1756 सालचे, गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी बांधलेले. कोरीव काम फार नाजूक आहे. वाटेत भांडीबाजार लागला आणि सहलीच्या वेळापत्रकाचे काय झाले ते सांगत नाही. तांब्याचे चार हंडे आणि एक पूरणयंत्र गाडीत चढले, एवढे पुरे.

पंचवटीतल्या गल्ल्यांतून जाताना सरदार चौकाचा उतार आला तेव्हा मी सर्वांना थांबवले. 27 ऑगस्ट 2003 रोजी सिंहस्थाच्या शाहीस्नानाला येथे चेंगराचेंगरी झाली आणि 39 माणसे गेली. त्यांत बायका पुष्कळ होत्या. रस्ता पाहिला की कळते; दोन्हीकडे घरे, खाली उतार, आणि मागून येणारा लोंढा. 2027 च्या सिंहस्थातली मुख्य स्नाने 2 ऑगस्ट, 31 ऑगस्ट आणि 11 सप्टेंबर अशी जाहीर झाली आहेत. ओझर इतके जवळ, तेव्हा पाहुणे आपल्याकडेच उतरणार आणि 'चला ना' म्हणून ओढणार. माझे मत स्पष्ट आहे : स्नानाच्या मुख्य दिवशी सांध्यांनी आजारी असलेल्यांनी आणि लहान मुले कडेवर असलेल्यांनी जाऊ नये. पर्वकाळ वर्षभराहून अधिक चालतो, साधा मंगळवार-बुधवार गाठून जावे. गोदावरी त्या दिवशीही तीच असते. जायचेच असेल तर दागिने घरी, पायांत घट्ट बसणारी पादत्राणे, नऊवारी असो वा पाचवारी पदर खोचलेला, आणि घरच्यांचा फोन नंबर कागदावर लिहून पोलक्याच्या आत. फोन हरवतो, त्यातले नंबर कोणाला पाठ नसतात. गर्दी थांबली तर मागे वळून रेटा देऊ नये, कडेच्या भिंतीकडे सरकत जावे. खाली पडलेली वस्तू उचलायला वाकू नये, मग ती मंगळसूत्राची वाटी का असेना.

दुपारी डबे खाऊन आम्ही पांडवलेण्यांकडे निघालो. खरे सांगायचे तर या ठिकाणाला जायला निम्म्याजणी नाखूश होत्या. "तिथे देव नाही, नुसता चढ आहे," असे एकीचे म्हणणे. चढ आहे खरा, दोनशेच्या आसपास पायऱ्या. पण बायकांचे काही शोधायचे म्हणून आपण निघालो होतो ना, ते सर्वांत जास्त सापडले तेथे.

नावात पांडव असले तरी पांडवांचा या लेण्यांशी काही संबंध नाही. बौद्ध भिक्षूंनी पावसाळ्यात राहावे म्हणून दोन हजार वर्षांपूर्वीपासून डोंगर कोरून केलेल्या या चोवीस गुंफा. भिंतींवर ब्राह्मी लिपीत लेख आहेत. आपल्याला वाचता येत नाहीत, पण विद्वानांनी वाचून ठेवले आहेत. मी त्यांतले थोडे टिपून नेले होते.

तिसऱ्या क्रमांकाचे लेणे सर्वांत देखणे. पुढे सहा धिप्पाड यक्ष जमिनीतून अर्धे वर येऊन सारा ओटा खांद्यावर पेलून धरतात. हे लेणे दान केले गौतमी बलश्रीने. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याची ती आई. आपला मुलगा जाऊन नातू गादीवर असताना, त्याच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी, तिने हा लेख कोरवला. आपण महाराजाची आई आणि महाराजाची आजी आहोत, असे ती सांगते. मुलाच्या नावात आईचे नाव येते, ही गोष्ट आमच्या कॉलेजकन्येने लगेच वहीत टिपली. लेखात म्हातारीने मुलाचे कौतुक किती करावे! त्याचे घोडे तीन समुद्रांचे पाणी प्यालेले, त्याने क्षहरात वंश समूळ उखडला, आणि तो आईची सेवा कधी न चुकवणारा. यावर बऱ्याच सासवांनी माना डोलावल्या. पण त्याच लेखात, मुलाने चार वर्णांची सरमिसळ थांबवली, हेही तिने तितक्याच अभिमानाने सांगितले आहे. काळारामाच्या दाराशी बसलेली आमची भगिनी हे ऐकून म्हणाली, "म्हणजे दार तेव्हापासून लावलेले होते म्हणायचे." दान तिने दिले बौद्ध भिक्षूंना, अभिमान तिला वर्णांच्या कुंपणाचा, एका बाईच्या मनात दोन्ही नांदत होते. आजही आपल्या घराघरांत नांदतात.

दहावे लेणे नहपान राजाच्या जावयाचे, उषवदाताचे. त्याची बायको दक्षमित्रा, हिनेही आपल्या नावाने येथे एक खोली दिली आहे. उषवदाताच्या लेखात मात्र असा हिशेब आहे की आपल्या बचतगटाच्या चिटणीसबाई जागेवरून हलेनात. त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या संघांकडे, तीन हजार कार्षापण ठेव ठेवली. दोन हजार दरमहा शेकडा एक दराने आणि एक हजार दरमहा शेकडा पाऊण दराने. मुद्दल कायम ठेवायचे, व्याज फक्त खर्चायचे. लेण्यात पावसाळा काढणाऱ्या वीस भिक्षूंना कपड्यांसाठी प्रत्येकी बारा. चिटणीसबाईंनी बोटांवर केले : दोन हजारांचे वर्षाचे व्याज 240, आणि वीस बारे 240. "चोख जुळते हो!" म्हणून त्या अशा आनंदल्या, जणू त्यांच्याच वहीची तपासणी झाली.

त्याच लेण्याच्या अंगणातल्या भिंतीवर आणखी एक लेख आहे. तो विष्णुदत्ता नावाच्या शक स्त्रीचा. आभीर राजा ईश्वरसेन याच्या काळातला, म्हणजे इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातला. ती राणी नव्हे, राजकन्या नव्हे. अग्निवर्म्याची मुलगी, रेभिलाची बायको, विश्ववर्म्याची आई, अशी ओळख ती करून देते. बाप, नवरा, मुलगा, तिघेही आले. पण पैसा ठेवणारी ती स्वतः. कुंभारांच्या श्रेणीकडे एक हजार, पाण्याची यंत्रे करणाऱ्यांकडे दोन हजार, आणखी काही रक्कम दुसऱ्या एका श्रेणीकडे, आणि काही तेल गाळणाऱ्यांकडे. कशासाठी? तर आजारी भिक्षूंच्या औषधांसाठी. कोणत्याही जातीपातीचा, कोणत्याही देशचा भिक्षू असो, आजारी पडला की औषध मिळावे.

मैत्रिणींनो, गावातल्या आजारी म्हाताऱ्यांच्या औषधांसाठी आपण मंडळात डबा फिरवतो आणि तो चार महिन्यांत रिकामा होतो. विष्णुदत्तेने डबा फिरवला नाही, ठेव ठेवली, आणि तीही एका ठिकाणी नव्हे, चार ठिकाणी. एखादी श्रेणी बुडाली तर दुसरीचे व्याज चालू राहावे म्हणून असेल. आपल्या चिटणीसबाईंनी खाली उतरतानाच ठरवले आहे की यंदाच्या वर्गणीतली शिल्लक आपणही अशीच ठेवीत ठेवायची आणि व्याजातून औषधे द्यायची. त्याचा ठराव आजच्या सभेत येणार आहे.

अठराव्या लेण्यातला स्तूप पाहिला. तेथेही एका भट्टपालिकेचे नाव आहे. आणि दारावर गावकऱ्यांच्या दानाचा जो लेख आहे त्यात 'नासिक' हे नाव स्पष्ट आहे. दोन हजार वर्षे तेच नाव! उतरताना सूर्य कलला होता, गुडघे कुरकुरत होते. ज्या बाई "तिथे देव नाही" म्हणाल्या होत्या त्याच सर्वांत मागे राहिल्या होत्या. विष्णुदत्तेच्या भिंतीला हात लावून त्यांनी तो हात डोळ्यांना लावला, असे पाहणारीने सांगितले.

पुढली सहल आनंदवली, सोमेश्वर आणि गंगापूरची आहे. पाऊस उघडल्यावर जायचे. चढ नाही, त्यामुळे काठीवाल्यांनीही यावे. नावे चिटणीसबाईंकडे मंगळवारपर्यंत द्यावीत, पैसे त्याच वेळी. गाडी सकाळी सातला मंडळाच्या दारातून सुटेल. डबा आणि पाण्याची बाटली घरून आणायची, आणि भांडीबाजारात थांबायचे नाही, असे अध्यक्षबाईंनी मला मुद्दाम सांगायला सांगितले आहे.